आभाळातला बांध : ड्रोनचे नियम आले कुठून?

कानात इअरफोन घालून एसटीत बसलेले, भांडी घासता घासता ऐकणारे, आणि हो, रात्री पाणी द्यायला मोटारीवर गेलेले, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

आजचा विषय परीक्षेचा आहे. एमपीएससी नाही, घाबरू नका. ड्रोन पायलटची परीक्षा. गेल्या वर्षी मी ती दिली. ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ म्हणतात. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढं असलं की कुणालाही देता येते. आधी वर्गात नियम, हवामान, ड्रोन उडतो कसा याचा अभ्यास, मग कॉम्प्युटरवर सराव, मग मैदानात उड्डाण.

उड्डाणाची मला भीती नव्हती. भीती होती ती नियमांची. ४०० फूट, २०० फूट, ५ किलोमीटर, ८ किलोमीटर, १२ किलोमीटर, २५० ग्रॅम, २ किलो, २५ किलो. पहिल्या सराव परीक्षेत मी हे आकडे असे काही एकमेकांत घुसवले की सर म्हणाले, “अहो, तुम्ही ड्रोन विमानतळाच्या धावपट्टीवर उतरवलात.” वर्ग हसला. मीपण हसलो. पण आतून हललो. का, ते सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी मी लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवायचो. हातात काही सर्टिफिकेट नाही. यूट्यूबवर बघून शिकलेलो. एका लग्नात वरात निघाली होती आणि नवरदेवाच्या मित्रांना ‘सगळं गाव दिसेल असा’ शॉट हवा होता. मी ड्रोन चढवत गेलो. किती चढवला, ते बघितलंही नाही. तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. प्रशिक्षणाचं छोटं विमान होतं. ते किती जवळ होतं, हे खालून मला आजही सांगता येणार नाही. मी घाबरून ड्रोन खाली खेचला, तो डीजेच्या वायरला अडकला आणि वरातीच्या कडेला आपटला. बापाच्या खांद्यावर बसलेलं एक तीन-चार वर्षांचं पोरगं त्या जागेपासून दोन हातांवर होतं.

कुणाला काही झालं नाही. व्हिडिओ भारी आला म्हणून मला पाचशे रुपये जास्तच मिळाले. वर्गात नकाशा उघडायला शिकवला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते मंगल कार्यालय विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात येतं. म्हणजे यलो झोन. तिथे जमिनीपासूनच, एक फूटसुद्धा, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडायचं नाही. आणि माझा ड्रोन नऊशे ग्रॅमचा, कामही पैसे घेऊन केलेलं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रोला हौसेसाठी लागत नाही, धंद्यासाठी लागतं. मी दोन्हीकडून चुकलेलो.

म्हणून त्या रात्री ठरवलं, हे आकडे पाठ करायचे नाहीत. ते आले कुठून, हे शोधायचं. त्याच शोधाचा हा भाग.

आता आमच्या आबांना मध्ये आणावं लागेल. आबा म्हणजे माझे आजोबा. मी परीक्षेचा अभ्यास करतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : “आरं, रान आपलं, त्याच्यावरचं आभाळ आपलं. मग परवाना कुणाचा काढायचा?”

हसू नका. हा जगातला फार जुना प्रश्न आहे. युरोपातले कायदेपंडित शतकानुशतकं हेच म्हणत आले : जमीन ज्याची, वर आभाळापर्यंत सगळं त्याचं. आणि आमच्याकडे तर हद्द म्हणजे जिवाचा विषय. मी इंदापूर तालुक्यातला. १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातली जमीन मोजणी आणि आकारणीची नवी पद्धत बसवायला सुरुवात केली, ती आमच्याच तालुक्यातून. रानांना नंबर पडले, हद्दीच्या खुणा आल्या. आपण आजही गुंठा म्हणतो ना, तो ३३ फूट बाय ३३ फूट. असे ४० झाले की एकर. तरीही आमच्या आणि भावकीतल्या अण्णांच्या रानामधला बांध दर वर्षी नांगरटीला वीतभर सरकतो. कधी आमच्याकडून, कधी त्यांच्याकडून. अण्णा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. अकरा वर्षं बोलणं नाही.

जमिनीवरच्या बांधाची ही गत. मग आभाळात बांध कुणी घातला?

सुरुवात फ्रान्समधून करू, कारण माणसाने बनवलेली वस्तू पहिल्यांदा लांबवर उडाली ती तिथे. २७ ऑगस्ट १७८३. पॅरिसमधून शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने हायड्रोजनचा फुगा सोडला. आत माणूस नाही. म्हणजे बघा, चालकाशिवाय उडालेलं यान. ते जाऊन पडलं गोनेस नावाच्या गावात, शेतात. गावकऱ्यांना वाटलं, राक्षस आला. त्यांनी दाताळी-काठ्या घेऊन त्या फुग्याच्या चिंध्या केल्या. मग सरकारने लोकांसाठी जाहीर पत्रक काढलं : असे फुगे दिसतील, घाबरू नका, त्यांच्यापासून धोका नाही. उडणाऱ्या वस्तूबद्दल खाली राहणाऱ्या लोकांना कळवलं पाहिजे, ही अक्कल तेव्हाच आली. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १७८४ मध्ये, पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने हुकूम काढला की परवानगीशिवाय फुगे उडवायचे नाहीत. खाली आग पेटवून सोडलेले फुगे गंजीवर, घरांवर पडले तर? उड्डाणावरचा हा जगातला पहिला नियम मानला जातो. तो फुग्यात बसणाऱ्यासाठी नव्हता, खाली राहणाऱ्यासाठी होता.

आता आपल्याकडे येऊ. १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादला प्रदर्शन भरलेलं. आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत उडाला. विमानाने नेलेली ती जगातली पहिली अधिकृत टपाल. आणि त्याच वर्षी सरकारने भारतातला पहिला हवाई कायदा केला, इंडियन एअरशिप्स अ‍ॅक्ट. आपल्याला वाटतं कायदा कायम उशिरा येतो. इथे तो त्याच वर्षी आला.

मग १९३४ चा विमान कायदा, ज्यावर पुढची नव्वद वर्षं आपली विमानसेवा चालली. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. या १९३४ च्या कायद्यात दोन गोष्टी भारी आहेत. एक, विमानाच्या व्याख्येत फुगे, ग्लायडर आणि चक्क पतंगसुद्धा! म्हणजे आपण सगळे लहानपणी कायद्याच्या भाषेत विमान उडवत होतो. दुसरी, कलम १७. त्याचा अर्थ असा की, वारा-हवामान आणि परिस्थिती बघता वाजवी उंचीवरून विमान तुमच्या मालमत्तेवरून गेलं, तर केवळ तेवढ्यावरून तुम्हाला अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही.

मी हे आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, “वाजवी म्हंजी किती?”

बरोबर प्रश्न. कायदा ‘वाजवी’ म्हणून थांबला. हाच प्रश्न अमेरिकेत एका कोंबड्यावाल्याने कोर्टात नेला. नॉर्थ कॅरोलायनामधलं ग्रीन्सबरो. थॉमस कॉझबी आणि त्याच्या बायकोची छोटी पोल्ट्री, विमानतळाजवळ. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची मोठी चार इंजिनांची विमानं तिथे उतरायला लागली. त्यांच्या जागेवरून ८३ फुटांवरून, आणि घरावरून तर ६७ फुटांवरून. रात्री झोप नाही. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटायच्या. दीडशे कोंबड्या मेल्या, धंदा बसला.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. कोर्टाने दोन्ही बाजूंना थोडं थोडं सुनावलं. आभाळापर्यंत सगळं जमीनमालकाचं, हे जुनं तत्त्व आता चालणार नाही. नाहीतर प्रत्येक विमानाला प्रत्येक शेतकरी कोर्टात खेचेल. पण जमिनीलगतची हवा, जी तो वापरतो, ज्याच्याशिवाय जमीन उपभोगताच येणार नाही, ती त्याची. आणि कॉझबीच्या बाबतीत ती सरकारने घेतली, तेव्हा भरपाई द्या.

म्हणजे वरून विमानांचा रस्ता, खालून शेतकऱ्याची हवा, आणि मधे कुठेतरी बांध. मला हे समजलं ना, तेव्हा अभ्यासाला अर्थ आला.

त्याच काळात, डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोला पन्नासच्या वर देश एकत्र आले होते, भारतही होता. तिथे झालेल्या करारात प्रत्येक देशाच्या वरचं आभाळ त्या देशाचं, हे ठरलं. आणि कलम ८ मध्ये चालकाविना उडणाऱ्या विमानांचा उल्लेख आहे. १९४४ मध्ये! त्यात सांगितलंय की अशी यानं दुसऱ्या देशावरून खास परवानगीशिवाय न्यायची नाहीत, आणि नागरी विमानांना त्यांच्यापासून धोका होणार नाही असं नियंत्रण ठेवायचं.

आता ४०० फुटांकडे या. विमानांसाठी जगभर रूढ असलेला नियम असा : विरळ वस्तीवरून साधारण ५०० फुटांच्या खाली यायचं नाही, दाट वस्तीवरून १,००० फुटांच्या. उतरताना आणि उडतानाची गोष्ट वेगळी. १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने रिमोटची छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी सूचना काढली : ४०० फुटांच्या वर नेऊ नका. आजच्यासारख्या ड्रोनचा तेव्हा पत्ता नव्हता. पण पुढे २०१६ मध्ये अमेरिकेने धंद्यासाठीच्या ड्रोनचे नियम केले, तेव्हा तोच आकडा आला. आपल्याकडे २०१८ मध्ये आला, तोही ४०० फूट, म्हणजे १२० मीटर.

पाचशे वरच्यांचे, चारशे खालच्यांचे. मधे १०० फूट मोकळे. तो बांध. कुणी चुकून थोडं वर गेलं, कुणी चुकून थोडं खाली आलं, तरी गाठ पडू नये म्हणून सोडलेली जागा. त्या वरातीच्या दिवशी मी तोच बांध कोरला होता.

आणि विमानतळाजवळचे आकडे? तेही असेच. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येतं, म्हणजे एक किलोमीटर मागे ५२ मीटर उंच, दोन मागे १०४. जसजसं जवळ, तसतसं खाली. म्हणून आपला बांधही विमानतळाजवळ खाली वाकतो : ८ ते १२ किलोमीटरमध्ये परवानगीशिवाय फक्त २०० फूट, ५ ते ८ मध्ये शून्य. एकदा हे चित्र डोळ्यांसमोर आलं की पाठांतर लागत नाही. परीक्षा देणाऱ्यांनो, वहीत विमानतळ काढा आणि त्याच्याभोवती ही उतरंड काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या देशाची अलीकडची गोष्ट, कारण ती आपल्यासमोर घडली. मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोचवल्याचा व्हिडिओ टाकला. देशभर कौतुक, आणि पोलिसांची चौकशी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली : नियम तयार होईपर्यंत कुठल्याही खाजगी संस्थेने किंवा व्यक्तीने कुठल्याही कारणासाठी ड्रोन उडवायचा नाही. सरसकट बंदी.

आणि झालं काय? लग्नं थांबली का? आपण सगळ्यांनी त्या वर्षांतली लग्नं पाहिलीत. ड्रोन वाढतच गेले. फक्त लपून. शिकवणारा नाही, विचारायची सोय नाही. माझ्यासारखे लोक यूट्यूबवर शिकले ते याच काळाचं देणं. मी माझी चूक बंदीवर ढकलत नाहीये. चूक माझीच. पण बंदीने कुणी सुरक्षित झालं नाही, एवढं म्हणतो.

१ डिसेंबर २०१८ पासून पहिले नियम लागू झाले. ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ हे त्यांचं सूत्र : परवानगी ऑनलाइन आल्याशिवाय ड्रोनने जमीनच सोडायची नाही. जानेवारी २०२० मध्ये सरकारने सांगितलं, ज्यांच्याकडे ड्रोन आहेत त्यांनी महिनाअखेरपर्यंत स्वतःहून जाहीर करा.

मग २०२० ने सगळ्यांना शिकवलं. राजस्थानात टोळधाड आली आणि तिच्यावर फवारणीला ड्रोन उतरवले. त्याच वर्षी २४ एप्रिलला स्वामित्व योजना सुरू झाली, आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. गावठाणाची मोजणी ड्रोनने. तुमच्या गावात झाली असेल तर आठवेल, आधी हद्दीवर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारतात आणि मग वरून फोटो घेतात. बांधाची गंमत बघा : ज्याला आभाळात बांध नव्हता, तोच ड्रोन खाली आपली हद्द आखून देत होता.

मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले. इतके फॉर्म आणि इतक्या फिया, की लोक वैतागले. आणि मग २७ जून २०२१. जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. दोन जवान जखमी झाले. मला खात्री होती, आता पुन्हा बंदी. तुम्हालाही हेच वाटलं असतं.

पण जुलैच्या मध्यात सरकारने जो मसुदा मांडला, तो मार्चच्या नियमांपेक्षा सैल होता. २५ ऑगस्ट २०२१ ला ‘ड्रोन रूल्स २०२१’ आले. फॉर्म २५ वरून ५. फीचे प्रकार ७२ वरून ४. विमानतळाभोवतीचा यलो झोन ४५ किलोमीटरवरून १२ वर. ग्रीन झोनमध्ये परवानगीच नको. उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त एक लाख. पण प्रत्येक ड्रोनला नंबर, नकाशा सगळ्यांना खुला, आणि धंदा करणाऱ्याला प्रशिक्षण. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘लायसन्स’ शब्द जाऊन ‘सर्टिफिकेट’ आलं.

आता हे बरोबर की चूक, यावर दोन मतं असू शकतात. माझं मत सांगतो. ज्याला वाईट काम करायचंय, तो नकाशा बघून उडत नाही. नियम असतात ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना नीट वागायचंय पण हद्दच माहीत नाही. हद्द दिसली की माणूस बहुतेकदा पाळतो. बांधावरची भांडणं बघा. दगड पक्का रोवलेला असतो तिथे भांडण नसतं. खूण पुसली जाते तिथे असतं.

मी पास झालो. लेखी परीक्षेत यलो झोनचा प्रश्न आला होता. हात थोडा थरथरला, पण उत्तर बरोबर आलं.

आता मी फवारणीचा ड्रोन चालवतो. दहा लिटरची टाकी, भरल्यावर २५ किलोच्या जरा आत, म्हणजे स्मॉल वर्गात. पहिलं काम घरचंच होतं, उसावर. आणि डिसेंबर २०२१ मध्ये कृषी मंत्रालयाने फवारणीच्या ज्या सूचना काढल्या, त्यात एक गोष्ट आहे : फवारणीच्या किमान २४ तास आधी गावाला कळवायचं. गोनेसचं पत्रक आठवलं? २३८ वर्षांनी तीच अक्कल.

ग्रामपंचायतीत कळवलं. तिथे काम संपत होतं. पण बांधापलीकडे अण्णांचं डाळिंब होतं, आणि वारा बांध मानत नाही. आबांना विचारलं. ते काही बोलले नाहीत. पण नको असंही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी अण्णांच्या दारात गेलो. “अण्णा, उद्या सकाळी सातला उसावर ड्रोनने औषध मारणार आहे. तुमच्या बाजूच्या चार सऱ्या सोडणार आहे. वारा फिरला तर बंद करीन. तुमचं काही झाकायचं असेल, विहिरीवर कुणी असेल, तर सांगा.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “किती उंचीवरनं मारतोस?”

म्हटलं, “पिकाच्या वर दोन-तीन मीटर.”

“बघू,” म्हणाले. चहा काही विचारला नाही.

सकाळी सातला मी ड्रोन चढवला तेव्हा अण्णा बांधावर उभे होते. हातात एक काठी, तिला बांधलेलं पांढरं फडकं. वारा कुठला आहे ते मला दिसावं म्हणून.

पुढच्या भागात भेटू. आणि हो, तुमच्याकडे ड्रोन असेल तर आज रात्री नकाशा उघडून तुमचं गाव कुठल्या रंगात येतं ते बघा. मी वरातीच्या आधी बघितलं नव्हतं.